बाक घेण्याआधी लाकूड ओळखा

2019 च्या दिवाळीत पोलादपूरजवळच्या आमच्या गावी घराची डागडुजी झाली. अंगणात एक बाक हवाच, असा आत्याचा हट्ट होता. संध्याकाळी तिथं बसलं की समोर महाबळेश्वरचे डोंगर दिसतात. मी शहरातून तयार बाक आणला. दुकानदार म्हणाला, ‘देवदाराचा आहे, उन्हापावसात ठेवा, वाळवी शिवणार नाही.’ हलका, पिवळसर, वर चकचकीत वॉर्निश. मी आणखी काही विचारलं नाही.

दोन पावसाळे गेले. नवरात्रात आत्या नेहमीसारखी बाकावर टेकली आणि मागचा पाय मोडला. ती हातावर पडली, मनगटाचं हाड मोडलं. महाडला नेऊन प्लास्टर घातलं. परत येऊन बाक उलटा केला, तर वॉर्निशचा पापुद्रा तेवढा शाबूत, आत नुसता भुसा. गावच्या सुतारांनी एक ढलपी काढून हुंगली आणि म्हणाले, ‘दादा, हे खोक्याचं लाकूड.’

तेव्हा कळलं, की फळांच्या पेट्या आणि खोकी ज्या चिडाच्या स्वस्त फळ्यांची करतात, त्यांनाही बाजारात सर्रास देवदारच म्हणतात. खरा देवदार वेगळा. तो हिमालयातला. त्याच्या गाभ्यात सुगंधी तेल असतं, ते कीड आणि बुरशीला दूर ठेवतं. मनालीचं हिडिंबा मंदिर 1553 सालचं, ते देवदाराचं. श्रीनगरच्या दल सरोवरातल्या हाऊसबोटीही देवदाराच्याच. वजनाला हलकं, टिकायला चिवट, म्हणून घराबाहेरच्या सामानाला ते उत्तमच. मात्र हे गुण गाभ्याच्या लाकडाचे. सालीलगतचं पांढरं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, अगदी सागाचंही, ते लवकर कुजतं.

म्हणून पैसे देण्याआधी न रंगवलेला, ताजा कापलेला तुकडा मागा. देवदाराचा गाभा पिवळसर तपकिरी असतो आणि कापताच त्याला तेलकट, उग्र गोड वास येतो. चिडाला टर्पेंटाइनचा वास येतो. विकणारा तुकडा दाखवायला तयार नसेल, तर तिथून उठा. बिलावर लाकडाचं नाव लिहून घ्या.

आपल्याकडे मात्र हिमालयापर्यंत जायची गरज नाही. साग आणि फणस इथलेच. सागात स्वतःचं तेल असतं. फणसाचा पिवळा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. आत्यासाठी नवा बाक मी जुन्या घराच्या सागवानी तुळईतून करून घेतला. तो देवदारापेक्षा जड आहे, पण लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं आहे.

चांगलं लाकूडही चुकीच्या जागी कुजतं. पाण्याला सगळ्यात सोपी वाट लाकडाच्या कापलेल्या टोकातून मिळते, आणि बाकाचे पाय म्हणजे तीच टोकं. माझ्या बाकाचे पाय चार महिने चिखलात उभे होते. वरच्या वॉर्निशला चिरा पडल्या, पाणी आत गेलं आणि त्याच वॉर्निशमुळे सुकेना. आता पायांखाली काळे सपाट दगड ठेवले आहेत. पायांच्या तळाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं आहे. ते कातडी भाजतं, म्हणून हातमोजे घालून लावा आणि बसायच्या फळीला लावू नका. फळीला वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, जवसाचं तेल पुरतं. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे घ्या. साधा लोखंडी खिळा गंजतो, लाकडावर काळा डाग धरतो आणि भोकही सैल करतो. बाक पागोळ्यांखाली ठेवू नका. जमलं तर जून ते सप्टेंबर तो पडवीत घ्या.

आत्याचं मनगट जुळलं, पण पावसाळी हवेत आजही ठणकतं. तुमच्या अंगणात बाक असेल, तर आजच तो उलटा करा. प्रत्येक पायाच्या तळाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. टोक सहज आत गेलं, तर त्यावर कुणालाही बसू देऊ नका.