फ्लुओराइडचा आकडा जुळला म्हणून

चि. भाचीस,


भूजलातल्या रासायनिक अभिक्रिया आणि वहन यांचं मॉडेल करायला तू शिकते आहेस, आणि त्यासाठी यवतमाळकडच्या फ्लुओराइडचा प्रश्न घेतला आहेस, हे फार चांगलं केलंस. पांढरकवड्याच्या बाजूला हे पाणी माणसांच्या दातांवर उमटतं, त्यामुळे इथे चुकीच्या उत्तराची किंमत गावाला मोजावी लागते. म्हणून सांगतो, फ्रीक-सी (PHREEQC) हा प्रोग्राम सुरू करण्याआधी वही घेऊन बस. फ्लुओराइट या खनिजाचा विद्राव्यता गुणाकार साधारण १०⁻¹⁰·⁶ आहे. पाण्यात कॅल्शियम लिटरमागे ४० मिलिग्रॅम असेल, तर फ्लुओराइड सुमारे ३ मिलिग्रॅमपर्यंत चढू शकतं. कॅल्शियम १० वर आलं, की तेच ६ पर्यंत जातं. भारतीय मानकाची कमाल मर्यादा १.५ आहे. म्हणजे फ्लुओराइड का वाढलं हे विचारण्याआधी कॅल्शियम कुठे गेलं हे विचारायला हवं, आणि हा प्रश्न प्रोग्राम तुला सुचवणार नाही.

तू म्हणशील, हा हिशोब ढोबळ आहे; आयनांची सक्रियता, संयुगं हे सगळं प्रोग्राम क्षणात धरतो. खरं आहे, आणि शेवटचा आकडा त्याच्याकडूनच घ्यावा. पण त्याने ६ ऐवजी ६० दाखवले, तर चूक एककात आहे हे वहीत हिशोब केलेल्यालाच कळतं. याहून मोठा आक्षेप असा, की मॉडेलचा आकडा विहिरीच्या आकड्याशी जुळला, मग आणखी काय हवं? इथेच बहुतेक जण फसतात. मातीतल्या चिकणकणांनी कॅल्शियम धरून सोडियम सोडला, तरी फ्लुओराइड वाढतं. कॅल्साइटचा साका बसला, तरी वाढतं. नुसतं बाष्पीभवन झालं, तरीही वाढतं. तिन्ही मॉडेलं फ्लुओराइडशी जुळवता येतात. निवाडा बाकीचे आयन करतात: पहिल्यात क्लोराइड न वाढता सोडियम चढतो, दुसऱ्यात कॅल्शियमबरोबर बायकार्बोनेटही घटतं, तिसऱ्यात क्लोराइड त्याच पटीने वाढतं. म्हणून एकाच घटकाशी जुळलेल्या मॉडेलला मी पुरावा मानत नाही.

वहनाचंही तसंच. वाळूच्या नळीत क्लोराइड पाण्याबरोबर बाहेर येतं आणि कॅल्शियम मागून. ते उदाहरण घटवून घे. पण दख्खनच्या बेसाल्टात पाणी भेगांतून धावतं आणि शेजारच्या खडकात जवळपास थांबलेलं असतं. वाळूचं समीकरण तिथे जसंच्या तसं लावू नकोस.

आणि नमुना. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो, कधी कॅल्साइट बाटलीतच बसतो. मग तुझ्या मॉडेलमध्ये शिरतं ते विहिरीचं पाणी नसतं. सामू विहिरीवरच मोज, धन-ऋण भारांचा ताळा पाच टक्क्यांच्या आत येतो का ते बघ, आणि पुढच्या पत्रात मला फ्लुओराइडच्या आधी सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेटचे आकडे लिही.

तुझा मामा