बलार्ध आणि भारोत्तोलन

व्यायामशाळेत जाणारा तरुण अश्वगंधा चूर्ण मागतो, तेव्हा आपण औषधाची मात्रा सांगतो. तो किती भार उचलतो, हे क्वचितच विचारतो. औषधालयांतही हीच रीत. चरकांनी सूत्रस्थानात सहज, कालज व युक्तिकृत असे त्रिविध बल वर्णिले आहे. भारोत्तोलनाने मिळते ते युक्तिकृत, आणि तेथे मात्रा हीच युक्ती होय.

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे सर्वश्रुत आहे. हृदयस्थ वायू मुखाशी येणे हे सुश्रुतांनी बलार्धाचे लक्षण सांगितले. परंतु भार उचलताना दम लागण्यापूर्वीच मांसपेशी थकतात; म्हणून आणखी दोन-तीन वेळा उचलता येईल असे वाटत असतानाच थांबावे, असे आम्ही रुग्णांस सांगतो. उच्च रक्तदाब असल्यास श्वास रोखून भार मुळीच उचलू नये. त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. वृद्धांच्या मांसक्षयात खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे हाही आरंभ पुरेसा.

मनोबलाविषयी थोडे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात अशा व्यायामाने विषादाची लक्षणे घटल्याचे आढळले. तथापि रुग्णाचे चालू औषध त्या भरवशावर बंद करू नये.

वाग्भटांनी अर्धशक्तीची मर्यादा शीतकाल व वसंतापुरती घातली आहे. ग्रीष्म, वर्षा व शरद ऋतूंत भार आणखी उतरवावा.