शेजाऱ्यापुढे आपली साक्ष

(मंडळीच्या अभ्यासासाठी पाठ. वाचावे : लूक १०:२५-३७, योहान ९:१३-३३, १ पेत्र ३:१३-१६)

गडमुडशिंगीसारख्या गावी राहणाऱ्या आमच्या ख्रिस्ती बंधुभगिनींस एक प्रश्न वारंवार पडतो. प्रभूने आपणांस साक्षी होण्यास सांगितले आहे, हे खरे. परंतु ज्याच्या बांधाला आपला बांध लागून आहे, त्या शेजाऱ्यापुढे ही साक्ष द्यावी कशी? परगावचा उपदेशक बोलून निघून जातो. आपणांस मात्र दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने जावयाचे असते.

शोमरोनी मनुष्याचा दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे. तो पुन्हा सावकाश वाचावा, आणि त्या मनुष्याच्या तोंडचे शब्द मोजावे. जखमी मनुष्याशी तो एक अक्षर बोलल्याचे लूक लिहीत नाही. बोलतो तो उतारशाळेच्या रखवालदाराशी, आणि तेही खर्चाविषयी. तेल, द्राक्षारस, स्वतःचे जनावर, दोन नाणी व परत येण्याचे वचन, एवढे त्याने दिले. यहूदी व शोमरोनी यांच्यामध्ये व्यवहार नसे, हे योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरच्या स्त्रीच्या बोलण्यावरून दिसतेच. पाणवठ्यावरचा असा दुरावा म्हणजे काय, हे आमच्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांस निराळे समजावून सांगावे लागले नसते.

येथे एक कठीण गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपले लोक भाकरीसाठी ख्रिस्ती झाले, असा टोमणा आपण लहानपणापासून ऐकतो आणि रागावतो. रागावण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे : शेजाऱ्याच्या घरी दुखणे आले असता आपण जातो, ते कशासाठी? तो आपल्या सभेस येईल म्हणून जात असू, तर ती करुणा नव्हे, गळाला लावलेले आमिष आहे. आणि मासासुद्धा पुष्कळदा गळ ओळखतो. आकाशातील पिता चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच पाऊस पाडतो. पीक कोणाच्या नावे लागेल, हे पाहून तो पाडीत नाही.

आपल्या जवळचेच उदाहरण पाहा. कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला, आणि १८९४ साली डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिरजेस इस्पितळ उघडले. ते १८८९ साली या देशात आले व १९२८ पर्यंत येथे राबले. मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया त्यांच्या हातून झाल्या. कुष्ठरोगी व क्षयरोगी यांच्यासाठीही त्यांनी सोय केली. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी हे नाव त्यांचीच आठवण देते. १८९७ पासून त्यांनी येथल्याच तरुणांस वैद्यकी शिकविण्यास आरंभ केला. या गोष्टीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. ज्याला केवळ उपकार करावयाचा असतो तो विद्या आपल्याजवळ ठेवतो; ज्याचे प्रेम असते तो ती दुसऱ्याच्या हाती देतो.

कोणी म्हणतील, आम्ही डॉक्टर नाही, शिकलेले नाही. तर नारायण वामन टिळकांचे स्मरण करावे. १८९३ च्या सुमारास ते आगगाडीने राजनांदगावास निघाले असता डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने आदराने जागा करून दिली, प्रथम काव्याविषयी संभाषण केले, मग प्रभूविषयी विचारले, आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत दिली. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा मात्र १९०० साली, पाच वर्षांनंतर. घरातल्या घरातही पाच वर्षे लागतात, हे उतावळ्या उपदेशकांनी ध्यानात धरावे.

आमच्याच हातून घडलेली चूक सांगतो. एका वृद्ध शेजाऱ्याच्या आजारपणात आम्ही भेटीस गेलो, पुस्तक उघडले आणि बराच वेळ वाचीत राहिलो. ते दोनदा ओठ हलवीत होते. आम्हांस वाटले, वचन मनास लागले. त्यांची सून आतून आली व तिने चमच्याने पाणी पाजले. त्यांना तहान लागली होती.

याचा अर्थ मुके राहावे असा नाही. भयाने गप्प बसणाऱ्याने आपल्या गप्पपणास करुणा हे नाव देऊ नये. पेत्र सांगतो की, आपल्या आशेचे कारण जो विचारील त्याला उत्तर देण्यास सिद्ध असावे, परंतु ते सौम्यतेने. म्हणजे आधी विचारण्याजोगे काही आपल्या वागणुकीत दिसले पाहिजे. उत्तर लांब नको. जन्मांध मनुष्याला परूश्यांनी पुष्कळ छेडले. तो वादात हरला नाही, कारण त्याला ठाऊक असलेली एकच गोष्ट तो सांगत राहिला, की आधी दिसत नव्हते, आता दिसते.

आज गडमुडशिंगीच्या एखाद्या घरातील रोग्यास मिरजेस न्यावयाचे असेल, तर सोबत जावे. रात्री खाटेजवळ बसण्याची पाळी आपण घ्यावी, म्हणजे घरच्यांना डोळा लागेल. औषधाची चिठ्ठी वाचून दाखवावी. बरे वाटून परत येताना, गाडीत, तो कदाचित विचारील, "तुम्ही आमच्यासाठी एवढे का केलेत?" तेव्हा दोन-चार वाक्यांत खरे ते सांगावे, आणि नंतर त्याचे म्हणणे ऐकावे. तोवर वळिवडे स्टेशन येईल, आणि त्याचे गाठोडे उतरवावे लागेल.