शाई फुलासाठी असते

उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते, हे मंचर-घोडेगावकडच्या माणसाला सांगायला नको. शाळेत असताना पाचट ओढताना ते पान माझ्या उजव्या डोळ्याला लागलं. दुकानातून आणलेले थेंब घरच्यांनी घातले, लाली उतरायची वाट बघितली. लाली उतरली नाही, फूल पडलं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग राहिला. पाला-काडी लागलेल्या डोळ्यात बुरशी वाढू शकते आणि स्टेरॉइडचे थेंब तिला बळच देतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या डोळ्याला आता उजेड-अंधार तेवढा समजतो.

लग्नाचं बघायला लागल्यावर पुण्यातल्या डॉक्टरांनी त्या पांढऱ्या डागावर शाई गोंदली. दृष्टी आली नाही, येणारही नव्हती. पण लोकांच्या नजरेला नजर देऊन मी बोलू लागले. पुढे रंग फिका पडला, तो पुन्हा भरून घ्यावा लागला. तरी मी समाधानी आहे आणि ते लपवत नाही.

म्हणूनच पुतणीच्या प्रश्नाने मी गप्प झाले. तिचं लग्न ठरलंय, मोबाइलवर तिने कुणाचे तरी घारे झालेले डोळे बघितलेत. "आत्या, तू केलंस ना? मग मी का नाही करायचं?"

पोरी, माझ्या त्या डोळ्यात गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुझे दोन्ही डोळे लख्ख आहेत.

डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. पहिल्या तऱ्हेत त्या काचेत लेझरने गोल बोगदा कोरून रंग भरतात. त्यातून जंतुसंसर्ग, सूज, उजेड सहन न होणं, रंग पसरणं किंवा उतरणं आणि काच गढूळ होऊन नजर जाणं, हे सगळं होऊ शकतं. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने जानेवारी २०२४ मध्ये निव्वळ रंगासाठी अशी शस्त्रक्रिया करू नका, असा जाहीर इशारा दिला. करून घेणारे बरेच जण खूश असतात, हेही खरं. पण विशी-पंचविशीतल्या मुलीला हे डोळे पुढे पन्नास वर्षं वापरायचे असतात, आणि इतक्या लांबचं आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

दुसरी तऱ्हा डोळ्यात रंगीत चकती बसवण्याची. ती आतल्या भागांना घासते. काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो, कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी मरू शकतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. अमेरिकेत २०१८ मध्ये कृत्रिम आयरिसला, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याला, मान्यता मिळाली, ती जन्मतः आयरिस नसलेल्यांसाठी किंवा अपघातात ती फाटलेल्यांसाठी. तिसऱ्या प्रकारात लेझरने तपकिरी रंगद्रव्य जाळतात. त्याचे कण डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट अडवू शकतात, दाब वाढतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

एवढं ऐकूनही मन वळत नसेल, तर पैसे भरण्याआधी ज्याला ही शस्त्रक्रिया विकायची नाही अशा नेत्रतज्ज्ञाला डोळे दाखवा. जुन्नर-आंबेगावकरांना त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. नारायणगावात पद्मश्री डॉ. मनोहर डोळे यांनी उभं केलेलं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. आणि विचारायचं ते नेमकं विचारा: बिघडलं तर कोण बघणार, रंग काढता येतो का, पुढे मोतीबिंदू काढताना अडचण येईल का.

पुतणीला मी रंगीत लेन्सवर आणलंय, तीही डोळे तपासून, मापाची, तिची एकटीची. पार्लरमधल्या डबीतली लेन्स या नवरीची त्या नवरीला, असं अजिबात चालायचं नाही. लेन्सला नळाचं किंवा विहिरीचं पाणी लावायचं नाही, थुंकी तर नाहीच. लेन्स घालून झोपायचं नाही. डोळा दुखला, लाल झाला, तर मांडवात असलीस तरी काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हात धुऊन, कोरडे करून लेन्स मेकअपच्या आधी घालायची आणि मेकअप पुसायच्या आधी काढायची.