अकस्मात बंद पडणारा संगणक : कारणशोधाचा एक पाठ

खेळांसाठी मुद्दाम जुळवून घेतलेला संगणक हल्ली पुष्कळ घरांतून दृष्टीस पडतो. तो ऐन खेळाच्या भरात, कोणतीही पूर्वसूचना न देता, फुंकर घालून दिवा मालवावा तसा बंद पडू लागला, की घरात दोन पक्ष होतात. मुलगा म्हणतो, “ग्राफिक कार्ड जुने झाले, नवे आणा.” वडील म्हणतात, “रात्रंदिवस खेळून तूच यंत्राची वाट लावलीस.” दोन्ही पक्ष निकाल देऊन मोकळे होतात, साक्षीपुरावा मात्र कोणीच घेतलेला नसतो. हा साक्षीपुरावा कसा घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यात घरच्या पैशांचा प्रश्न आहे, आणि पिता-पुत्रांच्या परस्परविश्वासाचाही आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. असे बंद पडणे हा बहुधा रोग नसून रोगापासून बचाव असतो. घरातील विद्युत्प्रवाह मर्यादेबाहेर गेला असता फ्यूज जातो. तो गेला म्हणून आपण त्यास दोष देत नाही, प्रवाह का वाढला ते पाहतो. संगणकातही असे पहारेकरी जागोजागी बसविलेले असतात. प्रोसेसर फार तापला तर तो आपले काम मंद करतो, आणि तरीही ताप न उतरल्यास यंत्र बंद करवितो. विजेचा पुरवठा करणारी पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात, ती आपल्यावरील भार मर्यादेपलीकडे गेला असता स्वतःच प्रवाह तोडते. तेव्हा खरा प्रश्न “यंत्र का बिघडले?” हा नसून “कोणत्या पहारेकऱ्याने हाक दिली?” हा आहे.

लक्षणांचे वर्गीकरण

बंद पडण्याचे प्रकार एकच नव्हेत. पंखे, दिवे, पडदा सर्व एका क्षणात निमाले, तर संशय प्रथम वीजपुरवठ्यावर आणि त्यानंतर उष्णतेवर घ्यावा. पडदा निळा होऊन त्यावर अक्षरे उमटली, तर स्मरणपट्टी म्हणजे रॅम किंवा एखादी सॉफ्टवेअर आज्ञावली यांकडे पाहावे. पडदा काळा झाला परंतु पंखे फिरत राहिले, तर ग्राफिक कार्ड, त्याचा ड्रायव्हर व पडद्याची तार यांची तपासणी करावी. हे नियम अपवादरहित नाहीत. परंतु शोध कोठून आरंभावा हे त्यांवरून कळते.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची रोजनिशी असते. अकस्मात बंद पडल्यावर तीत कर्नल-पॉवर या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद बहुधा आढळते. ती पाहून “पॉवर सप्लाय गेला” असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. तो बरोबर नव्हे. यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती नोंद सांगते. दार उघडे सापडले यावरून चोर कोण हे ठरत नाही.

पहिली तपासणी : उष्णता

एचडब्ल्यूइन्फो यासारखे विनामूल्य प्रोग्राम प्रोसेसरचे व ग्राफिक कार्डाचे तापमान दाखवितात, इतकेच नव्हे तर दर काही सेकंदांनी त्याची नोंद फाइलमध्ये लिहून ठेवितात. नोंद सुरू करून खेळावे. यंत्र बंद पडल्यावर पुन्हा चालू करून फाइलमधील अखेरच्या ओळी वाचाव्यात. प्रोसेसरच्या मर्यादा पिढीगणिक निराळ्या असतात. इंटेलच्या अलीकडील अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश आहे. यास्तव खेळताना ७५ किंवा ८० हा आकडा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आकडा मर्यादेला भिडून तेथेच यंत्र बंद पडत असेल, तर मात्र पुरावा हाती आला.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. कॅबिनेटची बाजूची पत्री काढून बाहेरून टेबलपंख्याचा वारा सोडावा. दहा मिनिटांत बंद पडणारे यंत्र आता तासभर चालले, तर दोष उष्णतेचा, हे जवळजवळ ठरले. मग कारणे पाहावीत : जाळीवर बसलेली धूळ, थांबलेला पंखा, वाळलेली थर्मल पेस्ट, सैल झालेला कूलर, अथवा भिंतीला टेकवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले कॅबिनेट. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेथे माघात नीट चालणारे यंत्र वैशाखात बंद पडू लागले, तर नवल मानू नये.

दुसरी तपासणी : वीज

येथे गणित उपयोगी पडते. उदाहरणार्थ, आरटीएक्स ३०६० या ग्राफिक कार्डाची नेमलेली वीज १७० वॅट आहे, आणि त्यासाठी एनव्हिडिया कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचविते. एवढी तफावत का? एक तर बाकीच्या यंत्रासही वीज लागते. दुसरे असे की, ग्राफिक कार्डाची ओढ एकसारखी नसते. २०२० साली आलेल्या आरटीएक्स ३०८० ची नेमलेली वीज ३२० वॅट. परंतु क्षणमात्र तिची उडी त्याहून पुष्कळ वर जाते, व तेवढ्यानेही काही पॉवर सप्लाय प्रवाह तोडतात. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात मोठ्या कार्डांसाठीच्या पॉवर सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता सोसावा, अशी अट घातली गेली. भार वाढताच, तापमान मर्यादेत असताना, यंत्र बंद पडू लागले तर या बाजूस पाहावे. तत्पूर्वी भिंतीतील सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस व ग्राफिक कार्डास जोडलेल्या तारा घट्ट आहेत ना, हे अवश्य तपासावे. त्यास एक पैसाही पडत नाही.

एक उदाहरण

आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्याचे यंत्र असेच बंद पडे. कार्ड वरीलपैकी पहिलेच. नव्या कार्डाची मागणी व खेळावरील बंदी या दोन्ही गोष्टी आठ दिवस तहकूब ठेवून त्याने वहीत वेळ, खेळ, किती मिनिटांनी बंद पडले, सर्वाधिक तापमान व इतर विशेष असे पाच रकाने आखले. आठ दिवसांनी वही बोलू लागली. यंत्र पाच वेळा बंद पडले होते, आणि पाचही वेळा सायंकाळी ७ ते ९॥ च्या दरम्यान. रविवारी सकाळी तेच यंत्र तोच खेळ खेळत तीन तास चालले. तापमान एकदाही ७८ अंशांवर गेले नव्हते. आणि “इतर विशेष” या रकान्यात तीनदा लिहिले होते : “यूपीएस वाजला.”

यूपीएसवर ६०० व्हीए असे मोठ्या अक्षरांत व ३६० वॅट असे बारीक अक्षरांत छापलेले होते. मग गणित मांडले. खेळताना कार्ड १७०, प्रोसेसर सुमारे ७०, बाकीचे भाग सुमारे ५०, एकूण २९० वॅट. पॉवर सप्लायची कार्यक्षमता शेकडा ८५ धरली तर त्यास बाहेरून २९० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे ३४१ वॅट हवेत. त्यात पडद्याचे ३० मिळवून ३७१. यूपीएसची शक्ती ३६०! दिवसा वीज थेट येई तोवर हे खपून जाई. सायंकाळी गावातील भार वाढून व्होल्टेज उतरे, यूपीएस बॅटरीवर जाई, आणि न पेलणारा भार क्षणात टाकून देई.

तरीही हा तर्कच होता. त्याची परीक्षा बाकी होती. दोन सायंकाळी यंत्र यूपीएसविना भिंतीतील सॉकेटला जोडले. ते बंद पडले नाही. तिसऱ्या सायंकाळी पुन्हा यूपीएसवर घेतले. ते बंद पडले. दोष काढल्यावर जातो व घातल्यावर परत येतो, तेव्हाच कारण सिद्ध झाले असे म्हणावे. अधिक वॅटचा यूपीएस घेऊन काम भागले. नव्या कार्डाने हे दुखणे बरे झाले नसते; कार्ड अधिक शक्तीचे असते तर उलट वाढले असते.

खेळ दोषी की यंत्र?

पालकांच्या आक्षेपाचाही विचार केला पाहिजे. २०२१ च्या जुलै महिन्यात अॅमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाची चाचणी-आवृत्ती खेळताना काही आरटीएक्स ३०९० कार्डे निकामी झाली. सर्वांनी खेळावर ठपका ठेविला. पुढे ईव्हीजीए या उत्पादक कंपनीने आपल्या निकामी कार्डांची तपासणी करून त्यांत डाख देण्याच्या कामात कसूर झाल्याचे सांगितले. खेळाने भार घातला हे खरे. परंतु दोष आधीच तेथे दडलेला होता. निरोगी यंत्र पूर्ण भाराखाली चालावे यासाठीच बनविलेले असते. मुलाने किती वेळ खेळावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु तो निराळा आहे. त्याचे उत्तर यंत्राच्या बिघाडात शोधू नये.

ध्यानी ठेवण्याचे नियम

१. एका वेळी एकच बदल करावा. पेस्ट, रॅम व तार एकाच दिवशी बदलून दोष गेला, तर कशाने गेला हे कधीच कळत नाही.

२. वेग वाढविण्यासाठी बायोसमध्ये काही बदल केले असल्यास ते प्रथम मूळ स्थितीवर आणावेत. रॅमचा संशय असल्यास मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावा.

३. कॅबिनेट उघडण्यापूर्वी वायर भिंतीतून काढावी. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही तिच्या कपॅसिटरांत प्राणघातक भार राहू शकतो.

४. जळका वास आला, तार किंवा प्लग तापून मऊ झाला, तर परीक्षा तेथेच थांबवावी व जाणत्या कारागिराकडे जावे.

५. पहारेकऱ्यास गप्प करू नये. संरक्षणाच्या मर्यादा उठवून यंत्र चालविणे म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार घालणे होय.

६. भाग विकत घेण्यापूर्वी शक्य तर मित्राचा किंवा दुकानदाराचा भाग लावून पाहावा, आणि वॉरंटीची मुदत आहे की नाही हे तपासावे.

सरावासाठी प्रश्न

१. एक यंत्र खेळ सुरू होताच दोन सेकंदांत बंद पडते. दुसरे बरोबर पंचवीस मिनिटांनी. प्रत्येकात संशय प्रथम कोणावर घ्याल, व का?

२. आपल्या घरच्या यूपीएसवरील व्हीए व वॅट हे दोन्ही आकडे पाहून या. त्यावर जोडलेल्या वस्तूंचा भार मांडून बेरीज करा.

३. वरील उदाहरणात तिसऱ्या सायंकाळची परीक्षा केली नसती, तर कोणती शंका शिल्लक राहिली असती?