विज्ञानाचा पाठ आणि कोयनेचा भूकंप

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसर भूकंपाने हादरला आणि सुमारे १८० जणांचा बळी गेला. तोपर्यंत दख्खनचे पठार स्थिर मानले जात असे. विज्ञानाचे स्वरूप समजावून देण्यास सातारा-सांगलीच्या शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण नाही.

पाठाच्या आरंभी उत्तर सांगू नये. ‘कोयनेचे जलाशय भरू लागल्यावर धक्के जाणवू लागले, एवढ्यावरून जलाशय हेच कारण ठरते काय?’ हा प्रश्न फळ्यावर लिहावा. विद्यार्थ्यांनी तर्क मांडल्यावर पुढील पुरावा द्यावा. वारणा जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागले आणि १९९३ पासून त्या परिसरातही भूकंप वाढले. तर्कास बळ मिळाले. परंतु अनेक धरणे भरूनही तेथे भूकंप झाले नाहीत, हे कळताच तर्क सुधारावा लागतो: पाण्याच्या जोडीला खडकांतील भेगा व पूर्वीचा ताणही हवा. तो पडताळण्यासाठीच कोयना परिसरात २०१७ पर्यंत ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले.

पुराव्यानुसार मत सुधारणे हेच विज्ञान होय. पाटण-शिराळ्याच्या मुलांना ही सवय जडल्यास पुढील धक्क्याच्या वेळी गाव अफवांना बळी पडणार नाही.