बोलता संगणक : दृष्टिहीन बांधवासाठी नवा लॅपटॉप कसा सिद्ध करावा

बुऱ्हाणपूरच्या रहिवाशांस कुंडी भंडाऱ्याची ओळख करून द्यावयास नको. अब्दुर रहीम खानखानाच्या कारकीर्दीत, १६१५ साली, सातपुड्याच्या कुशीतले पाणी जमिनीखालच्या वाटेने शहरापर्यंत आणले गेले. पाणी डोंगरात मुळातच होते. ते माणसाच्या ओंजळीपर्यंत येण्यास वाट हवी होती. ज्यांची दृष्टी गेली आहे अशा आपल्या बांधवांची स्थिती आज काहीशी तशीच आहे. पत्रे, पुस्तके, वर्तमानपत्रे, बँकेचा हिशेब हे सारे संगणकात आहे. ते कानापर्यंत यावयास वाट हवी. ती वाट कशी बांधावी, याचा हा छोटासा पाठ आहे.

प्रारंभी आमच्याच घरची एक चूक सांगतो. काचबिंदूने आमच्या काकांची दृष्टी गेली. आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस. रिकामे बसणे त्यांना सोसेना. आम्ही मोठ्या हौसेने लॅपटॉप आणला. दुकानातल्या मुलाने सर्व तयारी करून दिली, परवलीचा शब्दही स्वतःच ठरविला आणि चिठ्ठीवर लिहून दिला. काकांनी चिठ्ठी बोटांनी चाचपली व म्हणाले, “अरे, पण ही चिठ्ठी तरी मी कशी वाचू?” आम्ही निरुत्तर झालो. त्याच दिवशी ते यंत्र पुन्हा कोरे केले आणि काकांना त्याच्यापुढे बसवून पहिल्यापासून आरंभ केला. या लेखातील मुख्य धडा तोच आहे : यंत्र ज्याचे, हात त्याचा. डोळसाने शेजारी बसावे, विचारल्यास सांगावे, पण कळ स्वतः दाबू नये.

पडदावाचक म्हणजे काय?

ज्याला इंग्रजीत स्क्रीन रीडर म्हणतात त्याला आपण पडदावाचक म्हणू. पडद्यावर जे अक्षररूपाने असते ते हा कार्यक्रम उच्चारून दाखवितो, आणि आपण कोठे आहोत, कोणती कळ दाबली, कोणता पर्याय निवडला हेही सांगतो. माउसची गरज राहत नाही. सर्व काम कळफलकावरून होते.

ही विद्या बहुतांशी दृष्टिहीनांनीच घडविली आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७८ साली मोटार अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकेतील टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये ‘जॉज’ हा पडदावाचक बाजारात आणला. तो उत्तम आहे, परंतु सामान्य कुटुंबास महाग पडतो. पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एन.व्ही.डी.ए.’ हा पडदावाचक लिहावयास घेतला. जेम्स टेह हे त्यांचे दृष्टिहीन मित्र त्यांना येऊन मिळाले. पैशाअभावी कोणी वंचित राहू नये म्हणून तो विनामूल्य ठेवला आहे. ज्याला देणगी द्यावयाची त्याने ती स्वेच्छेने द्यावी. आमचे पुढील विवेचन विंडोज असलेल्या लॅपटॉपवरील याच पडदावाचकाविषयी आहे.

पहिला तास

यंत्र सुरू करण्यापूर्वी ते हातांनी ओळखावे. झाकण कोणीकडून उघडते, विजेची तार कोठे जाते, सुरू करण्याची कळ कोणत्या कोपऱ्यात आहे, हे बोटांना कळू द्यावे. कळफलकावर इंग्रजी एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तेथे ठेवल्या म्हणजे बाकीची बोटे आपापल्या जागी बसतात.

यंत्र प्रथम सुरू होते तेव्हा ते भाषा, देश वगैरे विचारू लागते. नवख्याची गाडी येथेच अडते, कारण यंत्र अजून मुके असते. अशा वेळी कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकदम दाबाव्यात. विंडोजमध्ये ‘नॅरेटर’ नावाचा पडदावाचक अंगभूतच असतो, तो बोलू लागतो. त्याला क्षणभर वेळ लागला तर धीर धरावा. टॅब दाबले की पुढील जागी जाता येते, शिफ्ट धरून टॅब दाबले की मागे येता येते. बाणांच्या कळांनी यादीतून फिरावे व एंटरने निवड पक्की करावी.

परवलीचा शब्द मालकाने स्वतः ठरवावा, स्वतः टंकावा आणि कानाला श्रवणयंत्रणा, म्हणजे हेडफोन, लावून टंकावा. पडदावाचक त्यातील अक्षरे मोठ्याने सांगत नाही. घरच्यांना तो ठाऊक नसला तर काही बिघडत नाही. डोळसांच्या बँकेच्या पासबुकात कोणी डोकावले तर आपल्याला जसे वाटेल, तसेच त्यांनाही वाटते.

एन.व्ही.डी.ए. बसविणे

आता नॅरेटरच्या मदतीने एन.व्ही.डी.ए. निर्मात्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. फाइल उघडताच तो स्वतःच बोलू लागतो. मग नॅरेटर पुन्हा त्याच तीन कळांनी बंद करावा, नाही तर दोघे एकाच वेळी बोलून गोंधळ उडवतात. बसविताना तो काही प्रश्न विचारतो. त्यांतील दोन गोष्टी विशेष जपाव्यात. यंत्र उघडताना, म्हणजे परवलीचा शब्द विचारतानाच, त्याने बोलावे असा पर्याय ठेवावा. आणि कंट्रोल, आल्ट व एन या कळांनी तो केव्हाही सुरू करता यावा अशी सोय ठेवावी. आवाज कधी बंद पडला तर हाच आधार असतो.

पुढे स्वागताच्या चौकटीत कळफलकाची मांडणी विचारली जाते. पुष्कळ लॅपटॉपना उजवीकडचा आकड्यांचा संच नसतो, म्हणून तेथे ‘लॅपटॉप’ ही मांडणी घ्यावी. पडदावाचकाला आज्ञा देण्याची मुख्य कळ एरवी इन्सर्ट असते. कॅप्स लॉकलाही तोच अधिकार देता येतो, आणि लॅपटॉपवर तेच बोटाला जवळ पडते. तिला आपण ‘मुख्य कळ’ म्हणू.

पहिल्या आठवड्यात एवढ्याच आज्ञा घोकाव्यात. कंट्रोल दाबले की बोलणे थांबते. मुख्य कळ व १ दाबले की सरावाचा वर्ग सुरू होतो : मग कोणतीही कळ दाबावी, यंत्र फक्त तिचे नाव व काम सांगते, दुसरे काही करीत नाही. तीच जोडी पुन्हा दाबली की वर्ग सुटतो. मुख्य कळ व टी यांनी समोर काय उघडे आहे ते कळते. मुख्य कळ व ए यांनी मजकूर सलग वाचला जातो. मुख्य कळ व एफ १२ यांनी घड्याळ कळते. आगगाडीत शेजाऱ्याची नजर नको असेल तर मुख्य कळ, कंट्रोल व एस्केप दाबून पडदा काळा करता येतो. कानाला मात्र सर्व ऐकू येत राहते.

आरंभी बोलण्याची गती मंद ठेवावी व सवय होईल तशी वाढवावी. बोटाखालचा स्पर्शपट चुकून दाबला जातो, तो विंडोजच्या सेटिंगमधून बंद करून ठेवणे बरे.

मराठी वाचणे व लिहिणे

आपल्या गावी घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी रीत. दोन्हींची लिपी एकच, त्यामुळे यंत्राचा घोटाळा होतो. लिहिणाऱ्याने मजकुराची भाषा नोंदविलेली नसेल तर यंत्र हातात असलेल्या आवाजानेच वाचते. एन.व्ही.डी.ए.बरोबर येणाऱ्या ‘ईस्पीक’ या वाणीत मराठी आहे. ती थोडी यांत्रिक वाटते, पण स्पष्ट असते. विंडोजमध्ये हिंदी भाषेचा संच उतरविल्यास अधिक मृदू हिंदी आवाज मिळतो. त्या आवाजाने मराठी वाचविले तर समजते, मात्र उच्चाराला हिंदीचे वळण लागते. दोन्ही ऐकून पाहावेत व ज्याच्या कानाला जे रुचेल ते ठेवावे.

लिहिण्यासाठी सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. विंडोज व स्पेस या कळांनी इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. या मांडणीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. उंचवटा असलेल्या एफवर ऱ्हस्व वेलांटी आणि जेवर ‘र’ येतो, शेजारच्या केवर ‘क’ आणि एलवर ‘त’. न पाहता टंकणाऱ्यास याहून सोयीची रचना आमच्या पाहण्यात नाही.

आता आपले कर्तव्य

यंत्र सिद्ध झाले तरी काम अर्धेच झाले. काकांचे यंत्र बोलू लागल्यावर आम्ही उत्साहाने त्यांना एका समारंभाचे निमंत्रण पाठविले. यंत्राने ते ‘जे के ई’ अशा निरर्थक अक्षरांत वाचले. कारण साधे होते. निमंत्रण ‘कृतिदेव’ या जुन्या टंकात होते. त्या टंकात ‘राम’ दिसतो खरा, पण यंत्राच्या पोटात जे, के आणि ई ही इंग्रजी अक्षरेच साठविलेली असतात. डोळा फसतो, कान फसत नाही. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस स्वतःचे स्थान आहे; तेव्हा नवा मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. कुंडी भंडाऱ्यात एक जरी कुंडी बुजली तरी पुढे पाणी जात नाही. त्यातलाच हा प्रकार.

तसेच सूचनेचे छायाचित्र काढून पाठवू नये, मजकूर पाठवावा. चित्रातली अक्षरे ओळखण्याची साधने आहेत, पण ती चुकतात. छायाचित्र पाठविणे भागच असेल तर त्यात काय आहे ते एका ओळीत लिहावे. लांब लेखात मथळ्यांना केवळ ठळक न करता मथळ्याची शैली द्यावी, म्हणजे वाचणाऱ्यास एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी घेता येते.

हा उपकार नव्हे. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ स्वीकारण्यात आली, तेव्हापासून या देशाने ही वाट मान्य केली आहे. पुस्तके दृष्टिहीनांस वाचता येतील अशा रूपांत आणण्याची मुभा देणाऱ्या माराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दृष्टिहीनांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. देशाने दार उघडले आहे. घराघरांतील उंबरठा मात्र आपणच ओलांडावयाचा आहे.

काकांनी गेल्या वर्षी रावेरच्या आत्याला स्वहस्ते पत्र टंकून पाठविले. त्यात काय होते ते आम्हांस ठाऊक नाही. त्यांनी सांगितले नाही व आम्ही विचारले नाही. यंत्र आणल्याचे सार्थक झाले ते त्या दिवशी, असे आम्ही मानतो.

सभासद बंधुभगिनींना एकच विनंती आहे. आपल्या घरी, गल्लीत वा नात्यात ज्यांना ही स्मरणिका डोळ्यांनी वाचता येणार नाही असे कोणी असेल, तर संस्थेस कळवावे. विश्वस्तांनी छापील प्रतीबरोबर युनिकोडमधील प्रतही अशा वाचकांपर्यंत पोहोचवावी. महोत्सवाच्या वर्षी आपल्यापैकी एकालाही आपलीच स्मरणिका दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नये.